वारकरी आले का पाण्यावर? सांगलीत थंडीतले पक्षी बघायला सुरुवात कशी करायची

दिवाळी झाली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी दोन-चार नवीन माणसं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "फ्लेमिंगो कुठं दिसतील?" प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. फ्लेमिंगोचं पण सांगतो, पण शेवटी. आधी घाटावर चला.

पहिले चार रविवार एकाच जागी

गाडी काढून लांब जायच्या आधी घरापासून दहा मिनिटांत पोचता येईल अशी एक जागा ठरवा आणि पहिले चार रविवार तिथंच जा. सांगलीत राहत असाल तर कृष्णेचा घाट किंवा हरिपूरचा संगम, मिरजेत असाल तर कृष्णाघाट, आणि नदी लांब पडत असेल तर गावातला तळ्याचा किंवा ओढ्याचा काठसुद्धा चालतो. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं घाटावर काय बघायचं, कावळे आणि पारवे. पण एकच जागा परत परत बघितल्यावर तिथलं नेहमीचं कोण हे डोक्यात बसतं, आणि ते बसलं की पाहुणा आपोआप उठून दिसतो. रोज नवीन जागी गेलात तर सगळेच पाहुणे, मग ओळखायचं कुणाला.

नदीवर कुठल्या बाजूला उभं राहायचं हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. सांगली शहर नदीच्या पूर्वेला आणि सांगलीवाडी पश्चिमेला, त्यामुळं सकाळी शहराच्या बाजूनं बघा, सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्याचे रंग दिसतात. संध्याकाळी जाणार असाल तर आयर्विन पूल ओलांडून सांगलीवाडीच्या बाजूला जा. हे उलटं केलंत तर सगळे पक्षी काळे दिसणार आणि तुम्ही घरी येऊन म्हणणार की दुर्बीण भिकार निघाली.

वेळ म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा साडेसहाला काठावर असलं म्हणजे बास. फार लवकर जाऊन उपयोग नाही कारण नदीवर धुकं असतं, समोरचा काठ दिसत नाही. धुकं निघायला लागल्यापासून पुढचा दीड तास हा खरा, नऊनंतर घाटावर गर्दी होते आणि पक्षी पण सुस्तावतात.

आणि एक गोष्ट गमतीनं घेऊ नका. कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ह्या पट्ट्यात तर नेहमी दिसतात, आणि थंडीत ऊन तापायला लागलं की अंग शेकायला काठावरच्या मातीत येऊन पडतात, लांबून ओंडकाच वाटतो. फोटोसाठी पाण्याच्या कडेला पोटावर झोपायचं, गुडघाभर पाण्यात उतरायचं, असले प्रकार नदीवर बंद. पाण्यापासून पंधरा-वीस पावलं मागं, उंचवट्यावर बसा, तसंही तिथनं जास्त दिसतं.

सामान किती घ्यायचं

कमी. दुर्बीण, खिशात मावेल अशी वही, पेन्सिल (पेन थंडीत आणि दवात रुसतं), टोपी, पाणी, दोन केळी. कपडे मातकट नाहीतर हिरवट, पांढरा शर्ट आणि लाल जर्किन नको.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढची काच ४२ मिलिमीटर व्यासाची. नवख्या माणसानं ८×४२ घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दहा पटीची घेतली की हात हलल्यावर चित्र पण तेवढंच जास्त हलतं, आणि दिसणारा भाग लहान होतो म्हणून उडणारा पक्षी सापडतच नाही. जत्रेत मिळतात तसल्या लाल काचांच्या दुर्बिणीपेक्षा नुसते डोळे बरे. आणि लगेच विकत घेऊच नका, आधी दोन फेऱ्या कुणाच्या तरी दुर्बिणीतनं बघा, आम्ही सगळे देतो, फक्त पट्टा गळ्यात घालूनच बघायचं ही अट आहे.

दुर्बीण डोळ्याला जुळवून घ्यायची पद्धत असते, ती नव्वद टक्के लोक कधीच करत नाहीत. लांबची एखादी स्थिर वस्तू निवडा, समजा पलीकडच्या काठावरच्या देवळाचा कळस. उजव्या बाजूची पुढची काच तळहातानं झाका आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला कळस स्पष्ट करा. आता डावी काच झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, आणि उजव्या डोळ्याजवळची जी बारीक रिंग असते ती फिरवून उजव्या डोळ्याला तोच कळस स्पष्ट करा. झालं, ती रिंग कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, परत लागणार नाही. चष्मा लावूनच बघणार असाल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबून ठेवा.

पक्षी दुर्बिणीत शोधायचा नाही. आधी नुसत्या डोळ्यानं बघायचा, नजर त्याच्यावरनं काढायची नाही आणि तशीच दुर्बीण वर आणून डोळ्याला लावायची. घरात गच्चीवर कावळ्यांवर प्रॅक्टिस करा, कावळे फुकट आहेत.

नावं मराठीत शिका, निम्मं काम तिथंच होतं

हे मी उगीच भाषेच्या अभिमानानं म्हणत नाही, आपल्या जुन्या लोकांनी नावं ठेवतानाच ओळखायची खूण सांगून ठेवलीय. पाण्यावर काळाकुट्ट, कोंबडीएवढा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसला की तो वारकरी. इंग्रजीत कूट म्हणतात, त्यातनं काय कळतं? वारकरी म्हटलं की टिळा दिसलाच पाहिजे. चांदवा पण म्हणतात. नवीन माणसं त्याला हमखास बदक म्हणतात, पण त्याची चोच बघा, बदकासारखी चपटी नाही, कोंबडीसारखी टोकदार आणि पांढरी, पोहताना मान पुढं-मागं करतो आणि उडायच्या आधी पाण्यावरनं धावत सुटतो.

तसंच हळदीकुंकू. हे बदक बारमाही इथलंच, चोच काळी पण टोकाला पिवळीधमक आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, हळद पण आली आणि कुंकू पण. थापट्या म्हणजे ज्याची चोच पुढं थापी मारल्यासारखी रुंद चपटी झालीय ते बदक, हा खरा थंडीचा पाहुणा. शेकाट्या म्हणजे लांब गुलाबी काटक्यांसारखे पाय. थिरथिरा तारेवर किंवा दगडावर बसला की त्याची तांबडी शेपटी थरथरत राहते. भोवत्या हा शिकारी पक्षी माळावर जमिनीलगत, पंख इंग्रजी व्हीसारखे किंचित वर धरून नुसता भोवती फिरत असतो, घारीसारखा उंचावर नाही.

आणि धोबी. घाटावर थंडीत सगळ्यात आधी हाच भेटतो, कपडे आपटावेत तशी शेपटी वर-खाली आपटत दगडांवरनं पळतो. करडा धोबी तर इतक्या लवकर येतो की गणपती विसर्जनाच्या दिवसांत नीट बघितलंत तर गर्दीच्या जरा बाजूला ओल्या पायरीवर दिसतो, वरनं राखाडी, शेपटीखाली पिवळा. मागनं पांढरा आणि पिवळा धोबी येतात. पण एक मोठा काळा-पांढरा धोबी असतो, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई, तो वर्षभर इथंच राहतो, त्याला बघून "थंडीचा पाहुणा आला" असं ग्रुपवर टाकू नका, दर ऑक्टोबरला कुणीतरी टाकतंच.

अनोळखी पक्षी दिसला तर आधी काय

मोबाइल नाही. हे मी ओरडून सांगतो तरी लोक आधी मोबाइलच काढतात, ॲप उघडेपर्यंत पक्षी निघून जातो आणि मग ॲपमधला फोटो बघून "हाच होता" असं वाटायला लागतं. डोक्यात फोटो एकदा घुसला की खरं काय बघितलं ते पुसलं जातं.

पक्षी समोर आहे तोवर बघत राहायचं आणि मनात नाही तर हळू आवाजात बोलायचं. आकार कुणाएवढा? चिमणी, साळुंकी, कावळा, घार ह्या चार मापांत बसवा, "साळुंकीपेक्षा बारका" एवढं पुरतं. चोच कशी, पाय कसे, शेपटी हलवतोय का, चिखलात चोच खुपसतोय का वरचेवर टिपतोय, डोक्यावर काही पट्टा आहे का, उडाल्यावर पंखावर किंवा पाठीवर पांढरं दिसलं का. चिखलातले जे बारके तुतवार असतात त्यांच्यात हा शेवटचा प्रश्न फार कामाचा, हिरवी तुतवार उडाली की पाठीमागं लख्ख पांढरं दिसतं, साध्या तुतवारीत तसं नाही, तिच्या पंखावर पांढरी रेघ दिसते आणि ती बसल्यावर पार्श्वभाग सारखा हलवत राहते. पक्षी गेल्यावर हे सगळं वहीत लिहा, वेडंवाकडं चित्र काढा, आणि मग पुस्तक किंवा ॲप.

मर्लिन ॲप आहे, चांगलं आहे, आवाज ऐकून नाव सुचवतं. सुचवतं एवढंच. पक्षी डोळ्यानं दिसल्याशिवाय त्याचं नाव नोंदीत घालायचं नाही असा आमच्यात नियम आहे. आवाज तुम्हाला स्वतःला पाठ असेल तर गोष्ट वेगळी.

माझीच फजिती सांगतो. मी नवीन होतो तेव्हा एका तळ्यावर धुक्यात पलीकडच्या काठाला सात करड्या, मोठ्या, लांब मानेच्या आकृत्या दिसल्या. पट्टकादंब! तिबेट-मंगोलियाकडनं हिमालय ओलांडून येणारे हंस, वाचलेलं होतं सगळं. जागेवरनं मेसेज टाकला, सोबत एक धुरकट फोटो, सात उद्गारचिन्हं. दुसऱ्या दिवशी पहाटे मिरजेचे एक काका धरून पाच जण गाड्या मारत थंडीत तिथं पोचले, धुकं निघालं, आणि ते सात हंस एकापाठोपाठ एक काठावर चढून शेजारच्या फार्महाऊसच्या गेटमधनं आत गेले. पाळलेले होते. काका रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "डोक्यावरचे दोन काळे पट्टे बघितलेस का?" बघितले नव्हते. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात, नावातच पट्टा आहे, आणि मी तेवढंच सोडून बाकी सगळं बघितलं होतं.

ग्रुपवर नोंद टाकायची तर अशी

"आज घाटावर खूप पक्षी दिसले, मस्त मजा आली" ह्याचा कुणाला उपयोग नाही. तारीख, जागा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणता पक्षी, किती, काय करत होता आणि ओळख कशावरनं पटली. उदाहरणार्थ: "रविवार, हरिपूर संगम, सकाळी ६:५० ते ८:१०. करडा धोबी २, वारकरी १४, नदी सुरय ३, एक शिकारी पक्षी पाण्यावरनं गेला, घारीपेक्षा सडपातळ, डोकं फिकट, ओळख पटली नाही." हे शेवटचं वाक्य टाकायला लाजू नका. ओळख पटली नाही असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या नोंदींवर लोक विश्वास ठेवतात.

"किती" ह्याला "खूप" हे उत्तर नाही. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा, आणि तो तुकडा थव्यावर टप्प्याटप्प्यानं ठेवत जा. भोरड्यांच्या (गुलाबी मैनांच्या) थव्याला दहाऐवजी शंभरचा तुकडा घ्यावा लागतो.

ह्याच नोंदी ईबर्डवर टाका. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी २००२ मध्ये सुरू केलेली सोय आहे, ॲप फुकट आहे, तुम्ही कधी, किती वेळ, किती अंतर चाललात आणि काय काय बघितलं ते त्यात भरायचं. ॲप शेवटी विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का, तिथं "हो" म्हणता यावं म्हणून कावळा, पारवा, साळुंकी पण लिहायचे. भारी तेवढेच लिहिले तर ती यादी अर्धवट राहते. कधी कधी ईमेल येतो की ह्या नोंदीबद्दल अजून माहिती द्या, तो अपमान समजू नका, वहीतलं चित्र काढून पाठवा. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि १२ सालिम अलींच्या, त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी एकत्र फेऱ्या निघतात, नवख्याला ओळखी करून घ्यायला ती वेळ सोपी.

जे टाकायचं नाही ते पण ऐका. घुबडाची जागा, कुठल्याही पक्ष्याचं घरटं, ह्याचं लोकेशन ग्रुपवर कधीच नाही. घुबडांच्या मागं अंधश्रद्धेपायी लागणारे लोक आहेत, आणि ते नसले तरी एका दिवसात पंधरा कॅमेरे एका झाडाखाली उभे राहिल्यावर त्या घुबडानं करायचं काय.

माळ आणि शाळू

नदी महिनाभर झाली की मिरजेच्या पूर्वेला या. दंडोबाचा डोंगर आणि त्याच्या आजूबाजूची माळरानं, पुढं कवठेमहांकाळ, जतपर्यंत. इथं पाणपक्षी नाहीत, इथं खाटीक, चंडोल, थिरथिरा, भोवत्या. आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दाण्यावर आला की भोरड्या. भोरडी म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियाकडनं येते, डोकं आणि पंख काळे, अंग फिकट गुलाबी. पिल्लं नुसतीच मातकट असतात, त्यांना बघून फसू नका. संध्याकाळी झोपायला जमतात तेव्हा आभाळात धूर हलावा तसा थवा हलतो.

पण शेतात जायची एक रीत आहे. बांधावरनं चालायचं, पिकात पाय नाही, आणि शेतात माणूस दिसला की आधी राम राम. एकदा असंच बांधावर उभा होतो तर माळ्यावरनं गोफण हातात घेतलेले एक आण्णा म्हणाले, "काय बघालायसा पावणं?" म्हटलं भोरड्या. "मग सकाळच्याला या की. उन्हं वर यायच्या आत येत्यात, आन् त्या वगळीकडल्या बाभळीवर बसत्यात आदी, मग पिकात." मी तीन रविवार संध्याकाळी येऊन चुकीच्या टोकाला उभा राहत होतो. आणि त्यांच्या बाजूनं बघा, आपण "काय सुंदर थवा" म्हणतो, त्यांचा शाळू जातो. तेव्हा त्यांनी गोफण फिरवली तर शहाणपण शिकवायला जाऊ नका.

सागरेश्वर पण ह्याच टप्प्यावर, देवराष्ट्र्याजवळ, जवळपास अकरा चौरस किलोमीटरचं, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. तिथं हरणं आणि सांबर बघायलाच लोक जातात पण सकाळी झाडीतले पक्षी छान मिळतात. चांदोली एवढ्यात नको, घनदाट जंगलात आवाज जास्त आणि दर्शन कमी, नवखा माणूस वैतागतो.

आता फ्लेमिंगो

त्यांच्यासाठी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात जायचं. तासगाव, विटा करत मायणी. मायणीचा जुना तलाव, पुढं वडूजच्या बाजूला येरळा नदीवरचं येरळवाडीचं धरण आणि सूर्याचीवाडीचा तलाव. २०२१ मध्ये इथं मायणी पक्षी संवर्धन राखीव जाहीर झालं. हीच येरळा पुढं ब्रह्मनाळला आपल्या कृष्णेला मिळते.

कधी जायचं हे पाण्यावर ठरतं, कॅलेंडरवर नाही. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात उभं राहून चोच उलटी घालून पाणी गाळून खातो. तलाव काठोकाठ भरलेला असला तर त्याला पाय टेकायला जागा नाही. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात जाऊन "एकही नाही" म्हणत परतायचं आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाणी मागं सरून चिखलाची कड उघडी पडली की तेच पाणी पक्ष्यांनी भरून जातं. पाऊसच नसेल तर तलाव कोरडा, तेव्हाही नाहीत. जायच्या आधी त्या बाजूच्या कुणाला तरी फोन करून पाणी किती उतरलंय एवढं विचारा, पक्षी आलेत का हे विचारण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

खरे पट्टकादंब पण इथंच बघा. ते रात्री आणि पहाटे शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी आराम करतात, त्यामुळं उशिरा पोचलात तरी चालतं. चक्रवाक म्हणजे केशरी रंगाची बदकं, जोडीजोडीनं.

सांगलीतनं पहाटे साडेचारला निघावं लागतं आणि ह्या दिवसांत कारखाने चालू असतात, अंधारात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, मागं लाइट नाही की रिफ्लेक्टर नाही. पुढं काही नाही असं वाटलं तरी गाडी हळू. तिथं पोचल्यावर थव्याकडं सरळ चालत जायचं नाही, तिरकं जायचं, मध्ये थांबायचं. सगळ्या पक्ष्यांनी एकदम माना वर केल्या की तुम्ही जास्त पुढं आलात, दोन पावलं मागं घ्या. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून थवा उठवणारे लोक भेटतील, ड्रोन घेऊन पण येतात. आमच्यातल्या कुणी हे केलं तर त्याला पुढच्या फेरीला बोलवत नाही, सरळ हिशोब आहे.

येताना विट्यात चहा घेताना वही पूर्ण करा, घरी गेल्यावर होत नाही.

वहीबद्दल एवढंच राहिलं की पहिला धोबी कधी आला ते सगळे लिहितात, शेवटचा कधी गेला ते कुणाच्याच वहीत सापडत नाही. कारण ती तारीख त्या दिवशी कळतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये घाटावर जात राहायचं, दिसला तर "१", नाही दिसला तर "०" लिहायचं, आणि सलग तीन-चार शून्यं पडली की मागं जाऊन शेवटच्या एकाभोवती गोल करायचा.